बेटावर जायचे तर सावकाश

आमच्या घराण्यात हैदराबाद हे कायम कागदाचे गाव. आमच्या ह्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, गुलबर्ग्याला दिलेल्या. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत गुलबर्गा हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे अक्कांचे सासरे जमिनीच्या दाव्यासाठी जायचे ते हैदराबादलाच. मोठे दुखणे आले तरी हैदराबाद. मजा करायला हैदराबादला जातात हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आले नसेल. पिशवीत कागद, डब्यात भाकरी आणि काम झाले की परत.

त्याच हैदराबादला २०२५ च्या जुलैमध्ये आम्ही तिघे पुन्हा कागद घेऊन निघालो, पण या वेळी ग्रीसच्या बेटांवर जाण्यासाठी! आमचा मुलगा आणि सून कुकटपल्लीला राहतात. दोघांनी ठरवले की आई-बाबा आणि आत्या यांना एकदा परदेश दाखवायचा. मी आणि हे सोलापूरहून हुसेनसागर एक्सप्रेसमध्ये बसलो, अक्का गुलबर्ग्याला चढल्या. त्यांच्या हातात एक जाडजूड पिशवी होती. "अक्का, एवढं काय आणलंय?" मी विचारले. "एफडीची पावती," त्या म्हणाल्या. "माझा खर्च माझा. भाच्याच्या खिशावर मी समुद्र बघणार नाही."

प्रवासाच्या आखणीतला सर्वांत अवघड भाग कोणता असे कुणी विचारले, तर मी व्हिसाचे नाव घेणार नाही. घरातल्या माणसांना नेमके काय हवे आहे, हे निघण्याआधी विचारणे सर्वांत अवघड. आमचेही तिथेच चुकत होते.

नऊ रात्री, चार बेटे

मुलाने सगळा कार्यक्रम संगणकावर रंगीत तक्त्यात मांडून ठेवला होता. नऊ रात्री आणि चार बेटे : मिकोनोस, पारोस, नॅक्सोस आणि सँटोरिनी. दुपारी अथेन्सला विमान उतरणार आणि संध्याकाळी बोट. शेवटच्या दिवशी सकाळी बेटावरून बोट आणि रात्री परतीचे विमान. तक्ता पाहून हे खूश झाले. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. मी पेन्सिल घेतली.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे म्हणजे काय? सकाळी अकराच्या सुमारास खोली सोडायची. सामान ओढत बंदरावर जायचे. बोट सुटायच्या आधी तासभर उन्हात उभे राहायचे. पुढच्या बेटावर खोली दुपारी दोन-तीननंतर मिळणार. म्हणजे प्रत्येक बदलात अर्धा दिवस गेला. असे पाच वेळा बोटीत चढायचे होते. नऊ दिवसांतले अडीच दिवस नुसते सामान उचलण्यात जाणार, आणि अक्कांचे वय एकाहत्तर! दोन्ही गुडघे गेलेले, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगून ठेवलेली. सँटोरिनीला फिरा गावातून खाली जुन्या बंदराकडे उतरायला सुमारे ५८८ पायऱ्या आहेत. केबल कार आहे हे खरे, पण ते सगळे गावच कड्यावर वसलेले. दुकानात जायचे तरी चढ-उतार.

मी हे बोलून दाखवले. मुलगा म्हणाला, "आई, एवढ्या लांब जाऊन सँटोरिनी नाही पाहायचं? सगळे फोटो तिथलेच असतात." हे म्हणाले, "त्यानं एवढं केलंय तर होऊ दे त्याच्या मनासारखं." सून गप्प बसली. अक्कांना कुणी काही विचारले नाही. मीही नाही. त्या कोपऱ्यात बसून पावती परत परत घडी घालत होत्या.

आधी हुसेनसागर, मग एजियन

व्हिसा केंद्रातली वेळ सोमवारची होती. रविवारी सून म्हणाली, "अत्ती बोटीत कधीच बसलेल्या नाहीत. आधी इथं बघू या ना." धारवाडकडची मुलगी, बोलते कमी पण नेमके. आम्ही सगळे लुंबिनी पार्कला गेलो. तिथून हुसेनसागर तलावातल्या बुद्धाकडे बोटी जातात. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव. त्याच्या मधोमध जिब्राल्टर रॉक नावाचा खडक आहे आणि त्यावर एकाच दगडातून घडवलेली बुद्धाची मूर्ती उभी आहे. उंची सुमारे ५८ फूट, वजन सुमारे साडेतीनशे टन.

ही मूर्ती तिथे सहजासहजी पोहोचलेली नाही. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना ती तलावात बुडाली, माणसेही दगावली. दोन वर्षांहून अधिक काळ ती तळाशी पडून होती. १९९२ च्या डिसेंबरमध्ये ती वर काढून खडकावर उभी केली. मुलाने ही हकिगत अक्कांना सांगितली. त्या बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पाण्याशी गडबड ब्याड. सावकाश होगोण."

आता गंमत पाहा. "सावकाश" हा शब्द आपण मराठीत म्हणतो आणि उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्येही तोच. आपल्याकडच्या घरांत कुणी कुठल्या भाषेत सांगितले हे कळतसुद्धा नाही, अर्थ मात्र बरोबर पोहोचतो.

बोटीत चढताना अक्कांना दोन्ही बाजूंनी धरावे लागले. उतरताना फळीवर पाय टाकायला त्यांना दोन मिनिटे लागली आणि मागची माणसे कुरकुरली. खडकावर पोहोचल्यावर त्या कठड्याला टेकून बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी भाच्याला प्रश्न विचारला, "तिकडं पाण्याजवळ बसायला जागा आहे का रे? मला फिरायचं नाही. मला बसून समुद्र बघायचाय."

मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्याने तो रंगीत तक्ता उघडला, तीन बेटे पुसली आणि म्हणाला, "नॅक्सोस." एक रात्र अथेन्स, सहा रात्री नॅक्सोस आणि परत दोन रात्री अथेन्स. सँटोरिनी त्याला आणि सुनेला पाहायचेच होते, तर दोघांनी नॅक्सोसहून एका दिवसात जाऊन यायचे ठरले. खोल्या रद्द करता येतील अशाच अटीवर घेतलेल्या होत्या, म्हणून एका रात्रीत सगळे बदलता आले. पैसे थोडे जास्त पडले तरी व्हिसा हाती येईपर्यंत अशाच खोल्या घ्याव्यात.

कागदपत्रांचा डोंगर

ग्रीस हा शेंगेन देशांपैकी एक. या व्हिसाचे नियम माहीत असले की धास्ती कमी होते. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण पंचेचाळीसपर्यंतही जाऊ शकतात. म्हणून दोन महिने हाती ठेवावेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. प्रवास विमा किमान तीस हजार युरोचा लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांना व्हिसाचे शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना काही नाही. केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. आपला पत्ता कोणत्या केंद्राच्या कक्षेत येतो, तेही आधी विचारून घ्यावे; मुलाने आमच्यासाठी ते केले होते.

खरी अडचण निघाली ती आपल्या सीमाभागातल्या घरांची नेहमीची. अक्कांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा. बँकेच्या पासबुकात नाव, नवऱ्याचे नाव आणि शेवटी गावाचे नाव. पेन्शनच्या कागदावर तिसरेच स्पेलिंग. शिवाय जन्मस्थळ "गुलबर्गा" आणि पत्ता "कलबुर्गी", कारण २०१४ साली गावाचेच नाव बदलले. बेळगाव-बेळगावी आणि विजापूर-विजयपूरवाल्यांनाही हा अनुभव असेल. अक्कांनी निघण्यापूर्वी गुलबर्ग्यात नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून आणले होते, की ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत. विमानाचे तिकीट मात्र पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच, अक्षर न् अक्षर तसेच काढावे.

दुसरा प्रश्न पैशांचा. मुलाने "आत्याचा खर्च मी करणार" असे पत्र तयार ठेवले होते. अक्का ऐकेनात. मुलाला वाटले ही अक्कांची उगाच आडमुठेपणाची बाब आहे. शेवटी सुनेने मार्ग काढला. अक्कांचे सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, दरमहा येणारे कुटुंब निवृत्तिवेतन आणि एफडीची पावती पुढे लावायची. भाच्याचे पत्र मागे, आधार म्हणून. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नये, हेही तिनेच सांगितले. पैसा कुठून आला असा प्रश्न त्यातून निघतो. नियमित येणारी छोटी रक्कम जास्त विश्वासाची ठरते.

सोमवारी केंद्रात अक्कांची बोटे यंत्रावर उमटेनात. एकदा, दोनदा, तीनदा. खिडकीतल्या मुलीने ओला कागद दिला, बोटे पुसून पुन्हा ठेवायला सांगितली. पन्नास वर्षे ज्वारीच्या भाकरी थापलेले हात. रेषा राहिल्यात कुठे? अक्का संकोचल्या. ती मुलगी तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, आराम से. जल्दी नहीं है." पाचव्या वेळी ठसे उमटले. हे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, असे कळल्यावर अक्का म्हणाल्या, "म्हणजे अजून एकदा जायला हरकत नाही!" तीन आठवड्यांनी आमचे पासपोर्ट व्हिसासह घरपोच आले.

जाता जाता नव्या प्रवाशांसाठी एक सांगते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे. व्हिसा असला तरी तिथे पोहोचल्यावर फोटो घेऊन नोंद केली जाते. पुढचे विमान किंवा बोट धरायची असेल तर हा वेळ हिशेबात घ्यावा.

निघताना

आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर "मेल्तेमी" नावाचा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो, गर्दी आणि भावही तेव्हाच चढलेले असतात. सप्टेंबरअखेर समुद्राचे पाणी कोमट आणि ऊन सोसवणारे असते. शमशाबाद विमानतळावरून आखाती देशात विमान बदलून अथेन्सला पोहोचता येते. एकूण खर्चातला निम्म्याच्या आसपास विमानालाच गेला. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवावी, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. शाकाहारी जेवणही आधीच नोंदवावे. सत्तरीपुढच्या माणसाचा विमा महाग पडतो. जुन्या आजारांची माहिती लपवू नये, नाहीतर गरजेच्या वेळी विमा कामाला येत नाही. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत २०२२ पासून थेट मेट्रो आहे. बेटांवर जाणाऱ्या बोटी दोन प्रकारच्या : मोठ्या संथ बोटी आणि लहान वेगवान बोटी. वेगवान बोटीने वेळ वाचतो, पण लाटांवर ती जास्त हलते आणि वाऱ्यात आधी तीच रद्द होते. आम्ही मोठी बोट घेतली. नॅक्सोसला साडेपाच तास लागले. वर डेकवर बसायला जागा होती, चालायला कठडे होते. अक्का खिडकीशी बसून दशम्या आणि शेंगाचटणी खात होत्या.

नॅक्सोसचे गाव बंदरालगत सपाट आहे. आमची खोली समुद्रापासून दोन मिनिटांवर, तळमजल्याला. ही अट मुलाने मुद्दाम घातली होती. खोलीच्या भाड्याशिवाय प्रत्येक रात्रीचा सरकारी कर तिथेच भरावा लागतो. तो हॉटेलच्या ताऱ्यांनुसार ठरतो आणि उन्हाळ्यात मोठ्या हॉटेलांना खोलीमागे १५ युरोपर्यंत जातो. म्हणून साधी, स्वच्छ खोली बरी.

खाण्याची चिंता नको. टोमॅटो-मिरचीत भात भरून भाजलेले "गेमिस्ता", पालकाची खारी पोळी, पांढऱ्या मोठ्या घेवड्याची उसळ, पिवळ्या डाळीचा "फावा" आणि नॅक्सोसचे नावाजलेले बटाटे! आपल्या उपवासासारखा त्यांच्याकडेही धार्मिक उपवास असतो आणि त्या पदार्थांना "निस्तीसिमो" म्हणतात. त्यात मटण, दूध, अंडे नसते. मात्र सावध राहावे, माकुल, कोळंबी त्यांना उपवासाला चालतात! म्हणून पुन्हा एकदा विचारावे. आणखी एक गंमत म्हणजे ग्रीक माणूस "ने" म्हणाला की ते "होय" असते. हे दोनदा नको असलेली कॉफी पिऊन शिकले.

आमच्या खोलीच्या मालकीणबाई अक्कांच्याच वयाच्या. अक्का त्यांच्याशी सरळ कन्नडमध्ये बोलत. मला हसू आले, पण कन्नड आणि ग्रीकची गाठ आजची नाही म्हणतात. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या पपायरसवर एक जुने ग्रीक प्रहसन आहे, भारताच्या किनाऱ्यावर घडणारे. ते १९०३ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या स्थानिक पात्रांच्या तोंडची अगम्य भाषा कन्नड असावी, असे हुल्ट्श या जर्मन पंडितांनी सुचवले. सर्वांनी ते मानलेले नाही. आणि आपल्या सोलापूरजवळचे तेर, म्हणजे जुने तगर, पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" या ग्रीक प्रवासग्रंथात आले आहेच. म्हणजे त्यांचे व्यापारी आपल्याकडचे रस्ते आधीच जाणून होते. आपण उशिरा गेलो, एवढेच.

एके दिवशी पायरीवर अक्कांना उशीर होत होता. मी "सावकाश" म्हटले, तशी मालकीणबाई म्हणाल्या, "सिगा, सिगा." ग्रीकमध्येही तोच उपदेश, हळूहळू! अक्कांनी तो शब्द तिथेच उचलला.

गावाला लागून पलातिया नावाचे चिमुकले बेट आहे, बांधावरून चालत जाता येते. त्यावर संगमरवरी चौकट उभी आहे, पोर्तारा. इसवी सनापूर्वी सुमारे ५३० च्या आसपास सुरू झालेले अपोलोचे देऊळ पुरे झालेच नाही, दरवाजा तेवढा राहिला. अक्का रोज संध्याकाळी अर्ध्या वाटेवर दगडावर बसत. एकदा मी शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "माझे सासरे म्हणायचे, हैदराबादला गेलं की नुसतं वाट बघत बसायचं. इथं बसलेय, पण वाट कशाचीच बघत नाही." मुलगा-सून त्या दिवशी सँटोरिनीला जाऊन परत आले. फोटो सुंदर होते. मुलगा म्हणाला, "आत्याला जमलं नसतं, आई." मी काही बोलले नाही.

परतीच्या दिवशी वारा सुटला. बंदर अधिकाऱ्यांनी बोटी थांबवल्या. आमच्या शेजारच्या कुटुंबाचे त्याच रात्रीचे विमान होते. त्यांची धावपळ बघवत नव्हती. आमच्या हाताशी अथेन्सच्या दोन रात्री होत्या, त्यातली एक गेली. दुसऱ्या दिवशी निघालो. उरलेल्या दिवसात मुले अक्रोपोलिसवर चढली. आम्ही तिघे खालच्या संग्रहालयात काचेतून वरचे देऊळ पाहत बसलो. तिथे लिफ्ट आहे आणि बसायलाही जागा आहे.

वाचकहो, ग्रीसला जा किंवा गोव्याला जा, आखणी करताना दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. परतीच्या विमानाआधी एक रात्र मोकळी ठेवा. आणि कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?"

अक्कांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नंतर गुलबर्ग्यात झाली. व्यायाम करून घेणारी मुलगी "बेग बेग नडीरी" म्हणून घाई करू लागली की अक्का तिला सांगायच्या, "सिगा, सिगा." ती मुलगी बापडी अजून विचारते, ही कुठली भाषा म्हणून.